गडी माणसाच्या कानाआड

"लोणचं सांडलंय का हो तुमचं?"

इंदापूरहून बारामतीला निघालेली एस.टी. नुकतीच गावाबाहेर पडली होती. करुणाने खिडकीतून मान वळवली. शेजारच्या तरुणाच्या मांडीवर पुठ्ठ्याचा खोका होता, त्यात टी.व्ही.चा कुठलासा भाग जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. आणि तो स्वतः नाक किंचित वर करून वासाचा माग काढत होता.

"लोणचं नाही," ती म्हणाली.

"मग व्हिनेगर?"

"तेही नाही. ॲसेटिक ॲसिड..." एवढं बोलून ती थांबली. एस.टी.त अनोळखी माणसाला उत्तर द्यायला इतकी अचूकता लागत नाही, हे तिला जरा उशिराच सुचलं. "जुन्या टेप आहेत. स्पूलच्या."

तो सरळ बसला. "मग ॲसिटेटच्या असणार. त्या आतून कुजायला लागल्या की असाच वास मारतात."

करुणा बारामतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायची. चार वर्षांत प्रयोगशाळेबाहेर 'ॲसिटेट' हा शब्द तिच्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. तिने त्याच्याकडे आता नीट पाहिलं. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. बोटांच्या टोकांना सोल्डरिंगचे बारीक चट्टे, खिशाला टेस्टर, आणि डोळ्यांत दुसऱ्याची पिशवी उघडून बघावी असं वाटणाऱ्या माणसाचं कुतूहल.

"भिगवण रस्त्याला दुकान आहे माझं. सुयश रेडिओ सर्व्हिस. स्पूलचं मशीनपण आहे एक. सध्या मुकं आहे."

"बोलतं करता येईल?"

"काय बोलायचंय त्यावर आहे. भजनं? भाषणं?"

करुणा बाहेर बघू लागली. एप्रिलचं ऊन उसाच्या पानांवरून नुसतं घरंगळत होतं.

"गाणी," ती म्हणाली. "लग्नातली."

"मग लाजताय कशाला?"

"मी लाजत नाही. ऊन लागतंय."

"ऊन माझ्या बाजूला आहे," तो म्हणाला. बारामतीला उतरताना त्याने दुकानाचं कार्ड दिलं, आणि तिने ते पर्समध्ये न टाकता वहीत, पानांच्या मधोमध ठेवलं.

त्या टेपांची हकिकत पंचवीस वर्षं जुनी होती.

करुणाची तुळसाआत्या एकाहत्तर साली सांगवीच्या उपकेंद्रावर नर्स होती. कुटुंब नियोजनाच्या प्रचारासाठी सरकारने तिला सेलवर चालणारं टेपरेकॉर्डर दिलं होतं. गावोगावी जाऊन दोन-तीन मुलांवर थांबण्याचा संदेश वाजवायचा. संदेश ऐकायला कुणी येत नसे. बायका यायच्या त्या आत्याशी बोलायला. त्यांच्यात दगडाबाई होती, उसाच्या बागायतदाराच्या घरची. आत्या पहिल्यांदा तिच्या दारात गेली तेव्हा तिला ओसरीच्या कडेला, वरून ओतून पाणी मिळालं होतं. पुढे दगडाबाईच्या सुनेचं अडलेलं बाळंतपण आत्याने रात्रभर बसून सोडवलं, आणि त्यानंतर आत्याचा पाट चुलीपुढे पडू लागला.

दगडाबाई रुखवताची गाणी म्हणायची. नवरीकडच्या बायका रुखवत घेऊन नवऱ्या मुलाच्या बिऱ्हाडी जातात, आणि तिथे दोन्हीकडच्या बायका एकमेकींच्या घराण्याचे गाण्यातून वाभाडे काढतात. विहिणीचे, व्याह्याचे, वराच्या मामाचे. ती गाणी इतकी चावट की पहिली ओळ उठली की मांडवातले गडी आपणहून उठून बाहेर जात. तसा रिवाजच होता. त्या वर्षी एका लग्नात आत्याने यंत्र चालू केलं. रिळाच्या एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला दगडाबाई.

गाणं संपल्यावर दगडाबाईला फिरतं रीळ दिसलं. तिने दोन गोष्टी बजावल्या. एक, हे गडी माणसाच्या कानावर जाता कामा नये. दोन, मला माझं गाणं ऐकव.

पहिला शब्द आत्याने पाळला. दुसरा राहिला. सेल संपले, नवे यायच्या आत यंत्र परत मागवलं गेलं, आणि आत्याची बदली इंदापूर तालुक्यात झाली. तीन रिळं ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या पुडीशेजारी पडून राहिली. मग यंदा फेब्रुवारीत बारामतीच्या दवाखान्यात, कानाच्या डॉक्टरांच्या दारात दगडाबाई भेटली. डावा कान गेलेला, उजवा निम्मा, आणि तोही उतरत चाललेला. समोरून आत्याला पाहताच ती सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं ओरडली, "नर्सबाई, माझं गानं कुठं ठिवलंस गं?"

आत्याने घरी येऊन ट्रंक उघडली, तर हा वास.

"करुणा," आत्या म्हणाली होती, "मी रिटायर झाले, पण ती बाई माझ्या खात्यात अजून शिल्लक हाय."

करुणाने निळा लिटमस कागद ओला करून डब्यात ठेवला. तासाभरात लाल. टेपची कड लाटेसारखी वळलेली, हाताळली तर कटकन तुटत होती. तिने हिशेब मांडला: फार तर एकदा, नशीब असेल तर दोनदा वाजेल. एकीकडे टेप विरत होती, दुसरीकडे कान. महिन्या-दीड महिन्यात हे काम झालंच पाहिजे असं तिने ठरवलं. आणि एकदा ठरवलं की करुणा दुसऱ्यांदा ठरवत बसत नसे.

"म्हणजे मी मशीन दुरुस्त करायचं," सुयश म्हणाला, "टेप जोडायची, चालवायची, कॅसेटवर उतरवायची... आणि ऐकायचं नाही?"

"नाही."

"एक ओळसुद्धा?"

"अर्धीसुद्धा नाही."

दुकान एवढंसं होतं. पोट फाडलेले रेडिओ, भिंतीवर वायरींची वेटोळी, कोपऱ्यात ते मुकं मशीन. सुयशने कटर उचलला, मशीनची मागची बाजू उघडली आणि स्पीकरच्या दोन्ही तारा तिच्यासमोर कापल्या. स्पीकर काढून तिच्या हातात ठेवला.

"हा घरी घेऊन जा. माझ्यावर विश्वास नको, स्पीकरच न्या."

"मग आवाज?"

"हेडफोन. एकच, आणि तो तुमच्या कानाला. मी सुई बघीन." त्याने आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काचेवर टिचकी मारली. "ती नाचली की मला कळेल, आत कुणीतरी कुणाच्या तरी अब्रूला हात घालतंय."

करुणाला हसू आलं. तिने ते स्पीकरच्या आड लपवलं.

मशीनचा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. तसला पट्टा एकाच ठिकाणी मिळण्यासारखा होता: भिगवणला, बिरदेवकडे. म्हातारा बिरदेव एके काळी लग्नांत लाउडस्पीकर लावायचा. रविवारी दोघं तिथे गेली. बिरदेवने पट्टा शोधता शोधता विचारलं, "कसली गानी हायत म्हनं?"

"कुटुंब नियोजनाची," सुयश पटकन म्हणाला.

"त्यात गानी बी होती?" बिरदेवने पट्टा पुढे केला. "आमच्या येळेला कळलं असतं तर जरा लक्ष तरी दिलं असतं. मला सात हायत."

दोघं रस्त्यापर्यंत कशीबशी गंभीर राहिली. मग समोरच्या खानावळीत चिलापीचं कालवण खाताना करुणाला एकदम हसू फुटलं आणि तिखट नाकात गेलं. सुयशने पाण्याचा तांब्या सरकवला. "तुम्ही हसता पण!" तो म्हणाला. तिने पाणी पिता पिता त्याच्याकडे बघून डोळे मोठे केले. तो काटे काढत होता, पण आपल्या नव्हे... तिच्या ताटातल्या माशाचे.

टेप अकरा ठिकाणी तुटली होती. करुणाने कॉलेजातून डेसिकेटर आणला. त्याच्या जाड काचेखाली, ओल शोषणाऱ्या दाण्यांवर रिळं आठ दिवस ठेवली. वास निम्म्याने उतरला. मग ती ब्लेडने टोकं तिरपी कापायची आणि सुयश जोडपट्टी लावायचा.

"तुमचा हात अजिबात हलत नाही," तो म्हणाला.

"ब्युरेट धरायची सवय."

"मघाशी हलला की. मी टोक धरलं तेव्हा."

"टेप हलली."

"बरं. टेप," तो म्हणाला.

पहिल्यांदा मशीन चालू केलं तेव्हा तिच्या कानात नुसता गोधडीआडून आल्यासारखा गलका आला. "हेड तिरकं बसलंय," सुयश म्हणाला. "हा स्क्रू थोडा थोडा फिरवायचा. नेमका बसला की बारीक आवाज उघडतात. नेहमी मी ऐकून करतो. आज तुम्ही सांगायचं. टेपवर बांगड्या असतील ना?"

"असतील."

"बांगड्या स्वच्छ वाजल्या की बोट वर करा." मग जरा थांबून, "बांगड्या मी ऐकल्या तर चालतात का?"

"नाही."

त्याने सुस्कारा सोडला आणि स्क्रूला पेचकस लावला. पाव फेरा. ती डोळे मिटून ऐकत होती. अजून पाव... उलटा, अर्धा... आणि अचानक गोधडी बाजूला झाली. पंचवीस वर्षांपूर्वीच्या वीस-पंचवीस बायका तिच्या कानात येऊन बसल्या. काचेच्या बांगड्या, कुणाचा तरी खोकला, परातीवर पडणारी थाप, आणि त्या सगळ्यावर एक मोकळा, खरखरीत, कुणाच्या बापाला न भिणारा आवाज. करुणाने बोट वर केलं. ते वरच राहिलं.

"काय म्हणतात?" सुयशने विचारलं.

तिच्या कानशिलापर्यंत लाली चढली होती. "सांगता येत नाही."

"तांत्रिक दृष्ट्या सांगा."

"तांत्रिक दृष्ट्या... स्पष्ट ऐकू येतंय. फारच स्पष्ट."

करुणा प्रत्येक रिळाची नोंद ठेवत होती. तिसऱ्या रिळाच्या शेवटाजवळ तिने लिहिलं: 'इथून पुढे लहान मुली गातात. वय आठ ते दहा असावं.' रविवारी संध्याकाळी आत्याला फोन करून तिने ही नोंद वाचून दाखवली, तर पलीकडून स्फोटच झाला.

"लहान पोरी? डोकं ठिकाणावर हाय का तुझं? असल्या गाण्याला लहान पोरी कुणी बसवतं? पोरींना तर दुसऱ्या आळीला पाठवत होतो आमी!"

"पण आवाज बारीक आहेत, आत्या. एकदम..."

"मग मशीन खुळं झालं असंल. नायतर ते चालवणारा."

दुसऱ्या रविवारी हे ऐकून सुयशने कपाळाला हात लावला. "सेल! टेप भरताना सेल उतरत गेले. मशीन मंद चाललं. आता आपण नीट वेगाने वाजवतोय म्हणून आवाज पळतात, बारीक होतात. तेवढंच आपलं मशीन हळू करत न्यायला पाहिजे. पण किती, ते कसं कळणार? गाणारणीच भरात येऊन चढल्या असतील तर?"

करुणा विचार करत बसली. पेन्सिलीचं टोक ओठाला लावून. सुयश त्या पेन्सिलीकडे बघत राहिला, आणि ती बोलली तेव्हा दचकला.

"परात."

"काय?"

"त्या परातीवर ताल धरतायत. माणूस सूर चढवतो. पितळेची परात चढवत नाही. ती पहिल्या गाण्याला जशी वाजते तशीच शेवटच्याला वाजायला हवी."

पहिल्या रिळावरची, सेल ताजे असतानाची परातीची थाप त्यांनी कॅसेटवर घेतली. ती तिच्या डाव्या कानात, पळणारं रीळ उजव्या कानात. सूर जुळत नसला तर ती बोट खाली करायची, सुयश वेगाचं बटण किंचित मागे फिरवायचा. सतरा मिनिटं. ती डोळे मिटून बसलेली. बोट त्याला डोळ्याच्या कडेने दिसत होतं, पण तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवता येत नव्हती. त्या सतरा मिनिटांत आठ-दहा वर्षांच्या मुली हळूहळू वयात आल्या, बायका झाल्या, आणि शेवटी पुन्हा दगडाबाई आपल्या भारदस्त आवाजात गरजू लागली.

करुणाने डोळे उघडले. तो बघतच होता.

"रीळ संपलं," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "मी कामच करत होतो."

"काम बोटाचं होतं. तुम्ही बोटाकडे बघत नव्हता."

तो घाईघाईने ते काढून मधलं रीळ चढवायला वळला. दिवे गेले म्हणून बरं झालं.

दोन रिळं कॅसेटवर उतरली होती. मधलं राहिलं होतं. आजवर ती येताना टेप आणायची, जाताना घेऊन जायची. त्या रविवारी मात्र ते मधलं रीळ तिने मशीनवर तसंच राहू दिलं. "बुधवारी येते," एवढंच म्हणाली. त्याला समजलं की आज ती काहीतरी वेगळं सोडून गेली आहे.

बुधवारी कॉलेज सुटल्यावर ती दुकानाच्या पायरीशी आली आणि जागच्या जागी थिजली. सुयश पाठमोरा बसून एक रेडिओ उघडत होता आणि गुणगुणत होता. मधल्या रिळावरच्या गाण्याची चाल. खालून उठून वर जाणारी, मग ठसक्यात खाली उतरणारी... तीच.

"टेप द्या," ती म्हणाली.

तो वळला. "आलात? काय झालं?"

"तुम्ही ऐकलंत."

"नाही."

"मग चाल कुठून आली?"

त्याने पेचकस खाली ठेवला. "सांगू? रागावणार नाही?"

"आधीच रागावले आहे."

"तुमच्याकडून आली."

"माझ्या—?"

"कानाला हेडफोन असला की माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. तुम्ही गुणगुणता. पहिल्या दिवसापासून." तो घाईघाईने म्हणाला, "मशीन चालू असलं तरी स्पीकरशिवाय काहीच ऐकू येत नाही मला. पण तुमचा स्पीकर कापता येत नाही ना."

करुणा स्टुलावर बसली. तिला आठवेना, आणि म्हणूनच ते खरं असणार हे तिला पटलं.

"फक्त चाल?"

त्याचे कान लाल झाले. "चाल... आणि थोडे शब्द."

"किती?"

"दोन ओळी."

"कुठल्या?"

"म्हणून दाखवू?"

"नको!" मग खालच्या आवाजात, "...हळू म्हणा."

त्याने रेडिओच्या पोटात बघत, धडा म्हणावा तसं म्हटलं:

"याह्याचं धोतार सुटलं उसाच्या बांधावरती गं,
बांध म्हणतो, बाई बाई, मी डोळं मिटू किती गं."

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला.

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता," सुयश म्हणाला. "आणि मला रविवारची वाट बघायला काही उरलं नसतं."

हे ऐकून दुसऱ्या एखाद्या दिवशी करुणा लाजली असती. आज तिने ते बाजूला ठेवलं. "आत्याने पंचवीस वर्षं पाळलेला शब्द मी महिन्यात मोडला."

"दोनच ओळी."

"मोजून दोन. म्हणजे मोडलाच. दगडाबाईंना सांगावं लागेल."

"आणि त्या म्हणाल्या, जा, मला ऐकायचंच नाही? एवढं सगळं केलेलं..."

"तर तसं. पण न सांगता ऐकवणार नाही."

सुयशने उठून हेडफोन तिच्यासमोर ठेवला. "आधी हे रीळ उतरवू. मी बाहेर पायरीवर बसतो, रस्त्याकडे तोंड करून. हवं तेवढं गुणगुणा. आणि सांगवीला मी येणार. त्यांना शिव्या द्यायच्या असतील तर समोर माणूस नको का?"

मधलं रीळ आणखी एकदाच वाजलं. शेवटच्या वळशाला त्याचे तुकडे तुकडे झाले. पण तोवर ते कॅसेटवर आलं होतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी तिघं सांगवीत पोचली. सुयश आळीतल्या कडुलिंबाखाली थांबला. आत सोप्यात दगडाबाई पलंगावर बसली होती. सत्तरीची, पण खांदे अजून ओझं उचलायला तयार असल्यासारखे. कानाचं यंत्र ती शिट्टी मारतं म्हणून उशीखाली ठेवत असे. शेजारी तिची जुनी जोडीदारीण फुलाबाई आणि सून.

"आणलंस व्हय गं नर्सबाई?" ती गरजली. "मला वाटलं, मी मेल्यावर देतीस का काय!"

करुणाने तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि कुठलीही पळवाट न ठेवता सगळं सांगितलं. हेडफोन, गुणगुणणं, दोन ओळी.

"कोन गडी?"

"बाहेर उभा आहे. मशीन दुरुस्त केलं तो."

"कुठल्या वळी?"

करुणाने कानात सांगितल्या. दगडाबाईने बराच वेळ तिच्याकडे रोखून पाहिलं.

"त्ये मागनं बगू," दगडाबाई म्हणाली. "आदी आयकव. कान हाय तवर."

करुणाने दुकानातून आणलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली, हेडफोन तिच्या पांढऱ्या केसांवरून नीट बसवला, आवाज पूर्ण मोठा केला आणि बटण दाबलं.

सुरुवातीला काहीच नाही. म्हातारीचा चेहरा दगडासारखा. मग तिचं डोकं थोडं तिरपं झालं. बोटं मांडीवर हलू लागली, परातीच्या तालात. "ही बायजा," ती पुटपुटली. "गेली बिचारी. ही आमची थोरली जाऊ... ती बी गेली. ही कोन गं... ही तू की, फुले! घसा बग कसा फाटलाय." फुलाबाईने तोंडाला पदर लावला. "समद्या हितंच हायत की," दगडाबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा गालावर आलं.

"आणि ही कोन मोठ्यानं वरडतीया?" तिने विचारलं.

"तूच ती!" आत्या तिच्यासमोर बोट नाचवत म्हणाली.

दगडाबाईचा चेहरा हळूहळू उजळत गेला. तिने मान मागे टाकली, आणि कानावर हेडफोन तसाच ठेवून, आपल्याच पंचेचाळिशीच्या आवाजात आवाज मिसळून, गायला लागली. भरदुपारी. खच्चून. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, पण आख्ख्या आळीला येत होता. याही, विहीण, वराचा मामा, सगळ्यांचे एका दमात वाभाडे निघाले. समोरच्या कट्ट्यावर पत्ते खेळणारे दोघे पानं टाकून पळाले. एक सायकलवाला उतरून सायकल हातात धरून आल्या वाटेने माघारी गेला.

सून दाराकडे धावली, आणि बाहेर बघून हसत हसत तिथेच खाली बसली.

"आत्याबाई, त्यो रेडिओवाला बगा!"

करुणा दारात आली. सुयश कडुलिंबाखाली उन्हात, दोन्ही कानांत बोटं खुपसून, डोळे गच्च मिटून उभा होता.

गाणं संपलं. दगडाबाईने हेडफोन काढला, सुनेचं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसली. मग पदराने डोळे पुसत करुणाला जवळ बोलावलं.

"आयक पोरी. गड्यानं आयकू ने म्हंजी कुनीच आयकू ने, असं न्हाय. एकाला माफी असती. नवऱ्याला. त्ये बी आपल्या बायकोच्या तोंडून, दुसऱ्या कुनाच्या न्हाय. मी माझ्या मालकाला समदी म्हनून दावल्यात. लई हसायचं त्ये." तिचा आवाज क्षणभर मऊ झाला. "त्यानं तुज्याच तोंडून आयकल्या न्हवं? मग शबुद मोडला का न्हाय, त्ये आता तुज्या हातात हाय. जा, इचार जा."

आत्या छताकडे बघत होती, जणू तिथे काही महत्त्वाचं लिहिलं आहे.

करुणा पायरी उतरली. ऊन पायांना भाजत होतं. सुयशचे डोळे अजून मिटलेले होते. ती त्याच्यासमोर उभी राहिली, आणि त्याचं मनगट धरून एका कानातलं बोट काढलं.

"संपलं?" त्याने एक डोळा उघडून विचारलं.

"संपलं."

"शिव्या दिल्या?"

"नाही. नियम सांगितला." तिने मनगट सोडलं नव्हतं. "उरलेली गाणी तुला ऐकता येतील. पण एक अट आहे."

तिने 'तुला' म्हटलं होतं. त्याने दुसरं बोटही काढलं.

"मान्य."

"अट ऐकली नाहीस अजून."

"ऐकायची मनाईच होती इतके दिवस. आता न ऐकताच मान्य करायची सवय लागलीये."

"सुयश, मी गंभीरपणे बोलतेय." तिने श्वास घेतला आणि एखाद्या प्रयोगाची कृती सांगावी तशी, एकेक शब्द जागेवर ठेवत म्हणाली, "ही गाणी फक्त नवऱ्याला ऐकता येतात. बायकोच्या तोंडून. दोन ओळी तू ऐकल्या आहेस. आता एक तर मी शब्द मोडला... किंवा—"

"किंवा?" तो हळूच म्हणाला. त्याचा हसरा चेहरा आता अजिबात हसत नव्हता.

"किंवा बाकीच्यासुद्धा मीच म्हणून दाखवीन. जन्मभर. तू म्हणशील तेव्हा."

कडुलिंबाचा बारका फुलोरा वाऱ्याबरोबर तिच्या केसांवर उतरत होता. सुयशने तो काढायला हात उचलला, आणि तसाच तिच्या केसांजवळ थांबवला.

"करुणा, मी तर त्या एस.टी.तच—"

"काय म्हंतुया गं त्यो?" आतून दगडाबाई गरजली. आळीतली तीन दारं उघडली.

"हो म्हणतोय!" करुणा दाराकडे वळून म्हणाली.

"आँ?"

सुयशने दोन्ही हात तोंडाशी धरले. "व्हय म्हणतोय, आजी! व्हय!"

"हां! आन् तू गं, पोरी? तुजं काय?"

आता दारं सहा झाली होती. पत्तेवाले भिंतीआडून परत डोकावत होते, फुलाबाई आणि सून उंबऱ्यावर, आत्या त्यांच्यामागे टाचा उंचावून. करुणाने आयुष्यात कधी वर्गातसुद्धा आवाज चढवला नव्हता. तिने सुयशकडे पाहिलं. पोट भरून श्वास घेतला. आणि दगडाबाईच्या त्या उरलेल्या अर्ध्या कानात नेमका जाऊन पोचेल इतक्या मोठ्याने ओरडली,

"व्हय!"